टेपने मोजलेली गाय

बी.एड.च्या वर्षात आमचे सरावपाठ मुलांसमोर होत, पण असत ते परीक्षकांसाठी. उघडपणे कुणी तसं म्हणत नसे, तरी सगळ्यांना ते ठाऊक होतं. पुण्यातल्या कुठल्याशा शाळेतला आठवीचा खच्चून भरलेला वर्ग आणि शेवटच्या बाकावर पाठनिरीक्षणाची वही मांडीवर घेऊन बसलेल्या मॅडम. आमची नजर मुलांच्या डोक्यांवरून थेट त्या वहीवर जायची. त्यांचं पेन हललं की पोटात गोळा यायचा. मुलांनाही या खेळाचे नियम पाठ झाले होते. छात्राध्यापिकेने प्रस्तावनेचे प्रश्न विचारायचे, मुलांनी ठरल्यासारखी उत्तरं द्यायची, शेवटच्या प्रश्नावर अडायचं, मग आम्ही हेतुकथन करून फळ्यावर घटकाचं नाव लिहायचं. चांगली मुलं असायची ती. आपण अडलो नाही तर ताईंचे गुण जातात, हे त्यांना कळत असे, आणि ती मुद्दाम अडत.

या सगळ्याच्या मुळाशी हर्बार्टची पंचपदी. एकोणिसाव्या शतकातला हा जर्मन तत्त्वज्ञ स्वतः चारच पायऱ्या सांगून गेला, पाच केल्या त्या त्याच्या शिष्यांनी. आमच्याकडे येईपर्यंत त्या पाचांचे टाचणातले रकाने झाले. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, अध्यापन-अनुभव, मूल्यमापन. रकाने भरण्यात माझा हात धरणारं आमच्या तुकडीत कुणी नव्हतं. अक्षर चांगलं आणि पट्टीने रेघा मारायची हौस.

पुढे लग्न झालं, नवऱ्याची बदली नेदरलँड्सला झाली आणि २०१९ च्या ऑगस्टअखेर, शाळा उघडण्याच्या दिवशी, मी तिथल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेच्या दारात पुन्हा छात्राध्यापिका म्हणून उभी होते. भारतातली पदवी तिथे थेट चालत नाही, अभ्यासक्रम करावा लागतो आणि त्यात शाळेतलं प्रशिक्षण येतं. त्याआधी वर्तणुकीचा सरकारी दाखला काढावा लागतो. मुलांच्या आसपास काम करणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो. हे मला फार आवडलं. आपल्याकडे शिक्षकाचं चारित्र्य गाव तपासत असे. आता गावंही तेवढी राहिली नाहीत आणि दाखलाही मन लावून कुणी पाहत नाही.

पिशवीत टाचण होतं. इंग्रजीत, रकान्यांसह, गणिताच्या एका घटकाचं. कुणी मागितलं नव्हतं. पण टाचणाशिवाय वर्गात पाऊल टाकायचं म्हणजे चपलांशिवाय घराबाहेर पडण्यासारखं वाटत होतं.

त्या देशात अशा शाळा दोन प्रकारच्या आहेत, काही पूर्ण खासगी आणि काही सरकारी अनुदानावरच्या. नोकरीपायी चार-दोन वर्षांसाठी आलेल्यांची मुलं दोन्हीकडे असतात. माझी दुसऱ्या प्रकारची. भिंतींवर देशोदेशींचे झेंडे, शिक्षकांच्या खोलीत कॉफीचं मशीन, आणि मुलं शिक्षकांना सरळ नावाने हाक मारणारी. माझ्या गावच्या, पाबळच्या शाळेत आम्ही ‘बाई’ म्हणत असू, तेही निम्म्या आवाजात. माझी मार्गदर्शक पन्नाशीची डच बाई होती, डिझाइन हा विषय शिकवणारी. हात हातात घेऊन तिने विचारलं, कुठची तू? मी म्हटलं, भारत. तिने मान हलवली, तेवढं तिला ठाऊकच होतं. भारतात कुठे? पुणे. आणि पुण्यात? तिथवर सहसा कुणी येत नाही. म्हणून मला पाबळ सांगावं लागलं.

पाबळ सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक मस्तानी. बाजीरावाने तिला इनाम दिलेल्या गावांपैकी हे एक, आणि तिची कबरही इथेच. तिच्यावर सिनेमा आला तेव्हा पुण्यामुंबईच्या गाड्या गावात विचारत यायच्या. दुसरी गोष्ट विज्ञान आश्रम. गावाबाहेरच्या माळावर दिसणारे घुमट हीच त्याची खूण. त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभे केलेले, कमी सामानात होणारे हे घुमट पाबळ डोम म्हणूनच ओळखले जातात. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन आलेले. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून १९८३ मध्ये ते आमच्या गावाला आले आणि हा आश्रम काढला. गावही शोधून काढलेलं: पर्जन्यछायेतलं, कोरडवाहू, म्हणजे महाराष्ट्रातल्या शेकडो गावांसारखं. इथे जमलं तर कुठेही जमेल, हा हिशेब. मी आठवीत जायच्या आधी, २००३ मध्ये, ते वारले. शाळेत मला भेटली ती त्यांची पद्धत.

ती पद्धत अशी. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस पुस्तकं बंद. त्या दिवशी वर्कशॉप, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य, हे चार विभाग आळीपाळीने. मुलींनी वेल्डिंग करायचं, मुलांनी चिक्की करायची, त्यात कुणाला काही वाटत नसे. वाटत असेल तर ते आयांना. तेराव्या वर्षी मी काळी काच डोळ्यांपुढे धरून पहिला टाका मारला. तो टाका बघून आमचे सर म्हणाले, पोपटाने पेरू खाल्ल्यासारखा दिसतोय. हे सर, म्हणजे निदेशक, बी.एड. नव्हते. आजूबाजूच्या गावांतलेच तरुण असायचे. स्वतः आश्रमात वर्षभर राहून शिकलेले, हातात कसब असलेले. आश्रमाच्या त्या अभ्यासक्रमाला मार्कांची अट नसते. शाळेने ज्यांना नापास म्हणून घरी पाठवलं त्यातले कितीतरी तिथून शाळेत शिकवायला परत आले, याची गंमत मला मोठेपणी कळली.

काम झालं की ते विकायचं किंवा कुणाच्या तरी उपयोगी पाडायचं, हा नियम. शाळेच्या कुंपणाचं फाटक, अंगणवाडीचं स्टूल, कुणाच्या गोठ्याची जाळी. गावातल्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासणं. जमिनीची विद्युतरोधकता मोजून विहीर कुठे घ्यावी याचा अंदाज शेतकऱ्याला देणं, हे आश्रमातली मोठी मुलं करत. आणि प्रत्येक कामाचा खर्च काढायचा: लोखंड किती किलो, वेल्डिंगचे रॉड किती, वीज किती, मजुरी किती. पहिल्या फाटकाचा खर्च आम्ही काढला तेव्हा ते बाजारातल्या फाटकापेक्षा महाग निघालं. ज्यांच्यासाठी केलं ते गृहस्थ फाटकापाशी उकिडवे बसले, बिजागरी हलवून पाहिली, म्हणाले, हे पावसाळ्यात अडकणार. अडकलंच. त्यांनी शेरा लिहिला नाही, गुण दिले नाहीत, आम्हाला बोलावून घेतलं आणि घासून द्यायला लावलं.

हे एवढं सगळं मी त्या बाईला सांगितलं नाही. इतकंच म्हटलं की आमच्या गावात एक फॅब लॅब आहे. तिने भुवया उंचावल्या. मग मला तिच्या कार्यशाळेत नेलं.

लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर, व्हिनाइल कापायचं यंत्र. सगळं झळझळीत, भिंतीला लावून ठेवलेलं. मला हसू आलं, कारण यातली निम्मी यंत्रं मी शाळकरी वयात माळावरच्या घुमटात पाहिली होती. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांनी ‘जवळपास काहीही बनवता येईल’ अशा छोट्या प्रयोगशाळांची, म्हणजे फॅब लॅबची, कल्पना मांडली आणि एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबांपैकी एक २००२ मध्ये पाबळला उभी राहिली. पुढे या लॅबांचं जागतिक संमेलन २००९ मध्ये पुण्यात भरलं आणि लगेच पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये. पाबळहून निघालेली एखादी गोष्ट माझ्याआधी नऊ वर्षं या देशात येऊन गेली होती म्हणायची.

सकाळभर माझं काम म्हणजे मागे बसून बघणं. पाठनिरीक्षणाची वही या वेळी माझ्या मांडीवर. वर्ग बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा, वीसेक डोकी आणि तितक्याच तऱ्हेचं इंग्रजी. आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, मधल्या इयत्तांचा अभ्यासक्रम चालतो तिथे, १९९४ पासूनचा. डिझाइनला चार निकष, प्रत्येकाला आठ गुण: प्रश्न समजून घेणं, कल्पना फुलवणं, वस्तू बनवणं, तिचं मूल्यमापन करणं. मुलांनी फोनसाठी स्टँड, मांजरासाठी खेळणं, असं आपापलं काही घेतलं होतं. एका मुलाने तर अर्ध्यात सगळं मोडून टाकलं. त्याला आता दिवा करायचा होता. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, ठीक, कारण लिही. मी श्वास रोखून बसलेली. आमच्याकडे वर्कशॉपमध्ये अर्ध्यात टाकलेल्या कामाला काय ऐकावं लागलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही, कारण त्यात लोखंडाचे पैसे गेलेले असायचे. इथे मूल स्वतः ठरवत होतं की प्रश्न कुठला घ्यायचा. पाबळला प्रश्न गाव ठरवायचं. फाटक हवं होतं म्हणून फाटक. आम्हाला दिवा करावासा वाटतो का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

पण दुसरीही गोष्ट दिसली. गेल्या वर्षीच्या वस्तू खिडकीखालच्या पेटाऱ्यात पडून होत्या. त्या कशा सुचल्या, कुठे चुकल्या, काय बदललं, याच्या वह्या मात्र कपाटात नीट लावलेल्या. वह्या अप्रतिम होत्या. त्यातला एक स्टँड मी टेबलावर ठेवला, तो तिरका झाला. कुणी त्याच्यावर फोन ठेवून पाहिला असेल असं वाटलं नाही.

दुपारच्या सुट्टीत त्या मुलांनी पावावर चॉकलेटचे दाणे पसरून खाल्ले, मी थालीपीठ. सुट्टीनंतर मार्गदर्शक बाई सहज म्हणाल्या, शेवटची वीस मिनिटं तू घे. मी टाचण पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, छान दिसतंय म्हणाल्या आणि परत दिलं. म्हणाल्या, हे नंतर कधीतरी, आज तुझ्या गावातलं काही सांग.

गावातलं काय सांगणार? मस्तानी बारा वर्षांच्या मुलांना कशी सांगायची? शाळेच्या मागच्या खिडकीतून एक हिरवं कुरण दिसत होतं आणि त्यात काळ्या-पांढऱ्या गाई. हा देश माणसांचा जेवढा तेवढाच गाईंचा. शिवणाच्या खणात कपड्याचा टेप होता, तो उचलला आणि विचारलं, काट्यावर न चढवता त्या गाईचं वजन कोण सांगेल?

शेती-पशुपालनात आम्ही हे करत असू. जनावराचे दात बघून वय सांगायचं आणि टेपने वजन काढायचं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही इंचात. घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले तीनशे. येतं ते वजन पौंडात. आमच्या घरची गाय मला पाठ होती: घेर साठ, लांबी पन्नास. सहाशे पौंड, म्हणजे दोनशे बहात्तर किलो. मुलांनी एका मुलाला टेबलावर ओणवा करून टेप फिरवला, बराच दंगा झाला. मला वाटलं, वीस मिनिटं निघाली.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, तीनशे का?

कोरियातली मुलगी, सकाळपासून एक शब्द न बोललेली. तीनशे का, म्हणजे? तीनशेच. पाबळच्या वहीत तीनशे होतं, मी ते पाठ केलं, टेप घेऊन गोठ्यात गेले, उत्तर आलं. मी मार्गदर्शक बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्याच, त्यांचं लक्ष त्या मुलीकडे होतं. मग मी फळ्यापाशी जाऊन तेच वाक्य लिहिलं, तीनशे का, आणि खडू त्या मुलीला दिला.

तिने गाईचं एक नळकांडं काढलं. पायसुद्धा नाहीत. घेर साठ इंच म्हणजे एकशे बावन्न सेंटिमीटर, लांबी एकशे सत्तावीस. दुसऱ्या एकाने नळकांड्याचं घनफळ काढलं, दोन लाख चौतीस हजार आणि वर काही घनसेंटिमीटर. म्हणजे दोनशे पस्तीस लिटर. गाईत बरंचसं पाणीच असतं, एकजण म्हणाला, तेव्हा दोनशे पस्तीस किलो. पण बाईंचं सूत्र दोनशे बहात्तर सांगतंय. सदतीस किलो कुठे गेले? वर्ग गप्प झाला. मग ती मुलगी परत गेली आणि नळकांड्याला चार पाय, मान, डोकं आणि एक शेपटी काढली. सदतीस किलो, ती म्हणाली. दिवा करणारा मुलगा म्हणाला, एवढ्यात सगळं कसं बसेल, नुसतं डोकंच केवढं असतं. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं की फुप्फुसात हवा असते, म्हणजे नळकांडंही पूर्ण भरलेलं नाही, तिकडचे थोडे इकडे दे. कुठेही सोडवून दाखवलेलं नव्हतं हे. तीनशे या आकड्यात गाईचे पाय होते, आणि मी ती गाय मोजून मोजून मोठी झाले होते.

घंटा त्या शाळेत नसते, मुलं घड्याळ बघून उठतात. त्या दिवशी उठली नाहीत. एका मुलाने विचारलं, पण हे बरोबर आहे हे कोण तपासणार? मी म्हटलं, आमच्याकडे व्यापारी तपासतो. चाकणच्या बाजारात शनिवारी जनावरं येतात. व्यापारी टेप वापरत नाही, पाठीवरून हात फिरवतो आणि आकडा सांगतो. तुमचा आकडा चुकला की पैसे जातात. त्यांना हे भयंकर आवडलं. पैसे जाण्याचा निकष त्यांच्या चार निकषांत नव्हता.

वर्ग रिकामा झाल्यावर मार्गदर्शक बाईंनी विचारलं, आज काय दिसलं? मी निरीक्षणाची वही उघडली. त्या म्हणाल्या, वही राहू दे.

मला बरंच दिसलं होतं, पण ते तेव्हा सांगता आलं नाही. शिकलेलं तपासतं कोण, यावर शाळेची जात ठरते असं मला हल्ली वाटतं. पुण्यात तपासणारी वही मागच्या बाकावर होती, म्हणून मी मुलांच्या डोक्यांवरून बघत राहिले. पाबळला तपासणारा फाटकापाशी उकिडवा बसायचा, त्याच्यापुढे बहाणा चालत नसे. पण त्याला बिजागरीशी मतलब होता, तीनशे का याच्याशी नव्हता. कलबागांना मात्र होता, असं त्यांच्याबद्दल वाचल्यावर वाटतं. काम करता करता ‘का’ पडावा आणि तिथून विज्ञान सुरू व्हावं, हाच त्यांचा डाव होता. आमच्या वाट्याला डावाचा पहिला अर्धा भाग आला. आठवड्याला एकच दिवस आणि फाटकं पुष्कळ. आणि या झेंड्यांच्या शाळेत दुसरा अर्धा भाग फार सुंदर चालतो, तिथे नसतो तो उकिडवा बसणारा माणूस.

यात ‘आंतरराष्ट्रीय’ या पाटीचा काही संबंध नाही. ती पाटी तर आमच्या शिरूर तालुक्यातही लागली होती. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची जिल्हा परिषदेची शाळा, काचेच्या वर्गखोल्यांची, राज्याने आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं तेव्हा त्यात गेली. दोनेक वर्षांत मंडळच गुंडाळलं गेलं. मुलं होती तिथेच आहेत. शेजारच्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जगभरातल्या शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथे मोठी मुलं लहानांना शिकवतात. म्हणजे सगळा गाव छात्राध्यापकांचा, आणि टाचण कुणाकडेच नसावं.

संध्याकाळी गावी, घरी आप्पांना फोन लावला. पाबळला रात्रीचे दहा वाजत आलेले, एरवी ते या वेळी झोपलेले असतात. तीनशेचा उलगडा सांगितला. नळकांडं, दोनशे पस्तीस लिटर, सदतीस किलोंचं डोकं-पाय, सगळं. त्यांनी हुं हुं करत ऐकून घेतलं.

“कोरियाची पोरगी म्हणलीस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“हुशार हाय. पण तिला सांग, बाजाराच्या दिवशी सकाळी मीठ चाटवून जनावराला पाणी पाजत्यात. पोट तट्ट फुगतं. ते तुझ्या तीनशेत कुठं धरलंय?”

मी म्हटलं, उद्या विचारते.

“विचार,” आप्पा म्हणाले, “आणि टेप घेर कुठं घेतो तेबी विचार. छातीला घेतो. पोटाला न्हाई. का, ते बघू कुणाला सांगता येतंय का.”